साडीचोळी आणि गेलेला आवाज : मानसोपचाराच्या प्रशिक्षणातलं एक प्रकरण

दिवाळीची सुट्टी संपून शाळेचं दुसरं सत्र सुरू झालं, त्या दिवशी पुण्याजवळच्या एका जिल्हा परिषद शाळेतल्या बाई हजेरी घ्यायला उभ्या राहिल्या आणि त्यांचा आवाजच निघेना. ओठ हलत होते, कुजबुज ऐकू येत होती, पण सूर लागत नव्हता. मुलांना वाटलं, बाई गंमत करताहेत. मुख्याध्यापकांनी हळद-दुधाचा सल्ला दिला. आठवडाभरानंतर कान-नाक-घशाच्या डॉक्टरांनी दुर्बीण घालून पाहिलं. शिक्षकांच्या स्वरतंतूंवर गाठी येणं नेहमीचं, म्हणून आधी तेच तपासलं गेलं. गाठ नव्हती, सूज नव्हती, तंतू लुळे पडलेले नव्हते. डॉक्टरांनी खोकायला सांगितलं तर खोकला खणखणीत आला. खोकताना सूर येतो याचा अर्थ स्वरतंतू नीट जुळतात. बोलताना मात्र जुळत नाहीत. डॉक्टरांनी त्यांना स्पीच थेरपिस्टकडे पाठवलं आणि सोबत मानसोपचार घ्यायलाही सुचवलं. तसं सुचवणारे डॉक्टर थोडे असतात.

बाई कमी फीमध्ये चालणाऱ्या एका समुपदेशन केंद्रात आल्या आणि प्रशिक्षणाच्या दुसऱ्या वर्षाला असलेल्या एका तरुण थेरपिस्टकडे त्यांचं काम सुरू झालं. आठवड्यातून एक सत्र, पन्नास मिनिटांचं. या थेरपिस्टसह चार प्रशिक्षणार्थींचा गट दर आठवड्याला माझ्याकडे सुपरव्हिजनला, म्हणजे आपापली प्रकरणं मांडून त्यांवर मार्गदर्शन घ्यायला, बसतो. पुढे लिहिलंय ते त्या गटातल्या कामाबद्दल आहे. ओळख पटू नये म्हणून वय, गाव, नात्यांचे तपशील बदलले आहेत आणि एकाहून अधिक प्रकरणांतले धागे एकत्र विणले आहेत. बाईंना मी बाईच म्हणेन. शाळेत त्यांना सगळे तसंच म्हणतात.

आमचं प्रशिक्षण सायकोडायनॅमिक पद्धतीचं आहे. माणसाच्या लक्षणामागे त्याच्या स्वतःच्याही ध्यानात न आलेला झगडा असू शकतो, आणि जवळच्या नात्यांत जे घडलं तेच तो नकळत थेरपिस्टबरोबर पुन्हा घडवू पाहतो, ही या दृष्टीची पायाभूत धारणा. वाचन बहुतेक इंग्रजीतून : फ्रॉइड, क्लाइन, विनिकॉट हे युरोपातले मनोविश्लेषक. समोर बसलेला माणूस मात्र मराठीत, अहिराणीत, दखनीत किंवा हिंदीत बोलत असतो, आणि त्याच्या घरातली नाती, देणीघेणी, रुसवेफुगवे त्या पुस्तकांतल्या घरांसारखे नसतात. हे अंतर तरुण थेरपिस्टला कसं ओलांडायला शिकवायचं, हा प्रश्न या प्रकरणाने आमच्यापुढे फार नेमकेपणाने मांडला.

बाई घरात थोरल्या. आई-वडील दिवसभर शेतावर, त्यामुळे पाठच्या भावाला कडेवर घेऊनच त्या शाळेत जायच्या. त्याला आंघोळ घालणं, भरवणं, त्याच्या तापात रात्र जागवणं सगळं त्यांच्याकडे. डी.एड. झालं, नोकरी लागली, लग्न झालं. भाऊ शेती बघू लागला. वडील गेले. वर्षश्राद्ध उरकल्यावर मे महिन्यात भावाने हक्कसोडपत्राचा विषय काढला आणि बाईंनी तालुक्याला जाऊन दुय्यम निबंधकांसमोर सही केली. चार एकर बागायत. त्या बदल्यात त्यांनी काही मागितलं नाही, कुणी काही दिलंही नाही. पुढे तलाठ्याकडे फेरफार नोंदला गेला आणि सातबाऱ्यावरून त्यांचं नाव गेलं.

हे बेकायदा नाही. महाराष्ट्रात १९९४ च्या दुरुस्तीने आणि पुढे देशभर ९ सप्टेंबर २००५ पासून वडिलोपार्जित मिळकतीत मुलीला मुलाइतकाच हक्क मिळाला. ११ ऑगस्ट २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयाने हेही स्पष्ट केलं की हा हक्क जन्मानेच मिळतो, कायदा झाला तेव्हा वडील हयात असण्याची गरज नाही. पण हक्क मिळाला तसा तो सोडायचा कागदही घरोघरी पोचला. लाखांची जमीन सोडणाऱ्या बहिणीने आपल्या इच्छेने, राजीखुशीने सही केली असं त्या कागदावर लिहिलेलं असतं. माझं स्वतःचं मत विचाराल तर या ‘राजीखुशी’खाली आपल्या समाजातलं फार मोठं दुःख दबलेलं आहे. सुपरव्हिजनला बसताना माझं हे मत माझ्याबरोबर खोलीत येतं, आणि ते आलंय याचं भान मला ठेवावं लागतं.

बाई पहिल्या सत्रात दबक्या आवाजात म्हणाल्या, “कुठं करू सही, एवढंच मी विचारलं. वकिलांनी बोट दाखवलं, मी केली.”

थेरपिस्टच्या टिपणात हे वाक्य नव्हतं. तिथे इंग्रजीत लिहिलं होतं की क्लायंटने स्वखुशीने हक्क सोडल्याचं सांगितलं. मूळ वाक्य मला कळलं ते मी “त्या नेमक्या कसं म्हणाल्या?” असं विचारल्यावर. टिपणात एक निर्णय होता. वाक्यात वकिलाचं बोट होतं, आणि कुठे एवढंच विचारणारी, पण का असं न विचारणारी बाई होती. तेव्हापासून गटाचा नियम झाला : समोरचा माणूस बोलला ते त्याच भाषेत, देवनागरीत, जमेल तितकं जसंच्या तसं लिहायचं. स्वतःचा अर्थ शेजारच्या रकान्यात. प्रशिक्षणार्थी कुरकुरतात, कारण सत्रानंतर आठवून असं लिहायला तासभर लागतो. पण या एका बदलाने जितकं शिकवता येतं, तितकं मला दुसऱ्या कशाने शिकवता आलेलं नाही.

पहिली दोन सत्रं चाचपण्यात गेली. बाईंनी विचारलं, “तुम्ही कुठल्या?” थेरपिस्ट म्हणाली, मुंबईच्या. “नाही, मूळच्या?” थेरपिस्टने विषय त्यांच्याकडे वळवला. दुसऱ्या सत्रात बाईंनी विचारलं, “लग्न झालंय का तुमचं?” त्यावर थेरपिस्टने पुस्तकातलं उत्तर दिलं : “हे तुम्हाला जाणून घ्यावंसं का वाटतं?” बाई म्हणाल्या, “सहज.” ही थेरपिस्ट माटुंग्यात वाढलेल्या तामिळ कुटुंबातली. मराठी उत्तम बोलते. लग्न होऊन वर्ष झालंय, पण कामावर मंगळसूत्र घालत नाही.

आपल्याकडे गाव, लग्न, माणसं विचारल्याशिवाय बोलणं पुढे सरकत नाही. आपण कुणाशी किती बोलायचं, कोणत्या नात्याने बोलायचं, हे त्या विचारपूशीतून ठरतं. म्हणून थेरपिस्टने प्रत्येक प्रश्नाला उत्तर द्यायलाच हवं असं मी म्हणत नाही. पण ही ‘मर्यादा ओलांडणं’ आहे असं टिपणात लिहून मोकळं होता येत नाही. बाई विचारत होत्या की तू मुलगी आहेस, बहीण आहेस की परकी आहेस. हा प्रश्न अनुत्तरित राहिला, आणि पुढे तो दुसऱ्या वाटेने परत आला.

तिसऱ्या सत्रात थेरपिस्टने अर्थ मांडला. त्याच महिन्यात वर्गात फ्रॉइडचं डोराचं प्रकरण झालं होतं. १९०५ साली प्रसिद्ध झालेलं हे प्रकरण आवाज जाणाऱ्या एका अठरा वर्षांच्या मुलीचं, आणि त्यात गेलेल्या आवाजाला अर्थ आहे, तो न बोलता येणाऱ्या गोष्टीशी जोडलेला आहे. थेरपिस्टला बाईंच्या कहाणीत ते स्वच्छ दिसलं. ती म्हणाली, “तुम्हाला भावाचा राग येतोय आणि तो गिळल्यामुळे आवाज बसला असेल, असं वाटतं का?”

बाई थोडा वेळ गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, “माझा भाऊ देवमाणूस आहे.” पाच मिनिटं आधी उठल्या. पुढचे दोन आठवडे आल्या नाहीत. शाळेत प्रशिक्षण शिबिर असल्याचा निरोप आला.

गटात थेरपिस्ट रडकुंडीला आली होती. तिचं म्हणणं चूक होतं का? मला वाटतं, फारसं चूक नव्हतं. डोरासुद्धा उपचार सुरू झाल्यावर तीनेक महिन्यांत, १९०० सालच्या शेवटच्या दिवशी, निघून गेली होती. आणि फ्रॉइडने पुढे लिहिलं ते असं की तिच्या आणि आपल्या दरम्यान काय घडतंय हे आपण वेळेत ओळखलं नाही. त्या प्रकरणातून तरुण थेरपिस्ट लक्षणाचा अर्थ उचलतात, कारण तो लखलखीत आहे. ही दुसरी गोष्ट मागे राहते.

मी गटाला पहिल्या तीन सत्रांची टिपणं पुन्हा वाचायला लावली आणि विचारलं, बाई रागावून कुणाबद्दल बोलतात? भावजयीबद्दल. भरपूर. भावजय म्हणाली, “आक्का, तुम्हाला काय कमी आहे, सरकारी पगार आहे.” भावजयीने वडिलांची खाट अंगणात काढून ठेवली. भावजयीने भाऊबीजेला मुक्कामाचं विचारलं नाही. लातूरकडच्या एका प्रशिक्षणार्थीने लगेच ओळखलं : जात्यावरच्या ओव्यांत हेच असतं. तिथे भाऊ चंद्रासारखा, आणि सगळा खोटेपणा भावजयीच्या पदरात. माहेर तुटू नये म्हणून बायकांनी पिढ्यान्‌पिढ्या राग ठेवायला ही जागा केलेली आहे. भावावर रागावलं तर माहेर जातं. भावजयीवर रागावलं तर माहेर राहतं आणि रागही राहतो.

हे समजलं की थेरपिस्टच्या वाक्याने काय झालं तेही समजतं. तिने बाईंचा राग सुरक्षित जागेवरून उचलला आणि जिथे ठेवताच येत नाही अशा जागी ठेवला. सायकोडायनॅमिक भाषेत याला विस्थापन म्हणतील आणि ते बरोबरच आहे. पण हे विस्थापन एकट्या बाईंनी घडवलेलं नाही. ते त्यांना समाजाकडून तयार मिळालं आहे, गाण्यांसकट. अशा बचावाला हात लावताना घाई करायची नसते. भावजयीजवळच थांबायचं, तिच्याबद्दल आणखी विचारायचं, आणि भाऊ त्या चित्रात कुठे उभा असतो ते बाईंनीच पाहीपर्यंत धीर धरायचा.

बाई परत आल्या तेव्हा संक्रांत होऊन गेली होती, रथसप्तमी व्हायची होती. घरोघरी हळदीकुंकवं चालू होती. सत्र सुरू होताच त्यांनी पिशवीतून एक हिरवा खण, नारळ, तांदळाची पुडी, हळकुंड आणि सुपारी काढली आणि म्हणाल्या, “जरा उभ्या राहा. ओटी भरते.”

थेरपिस्ट गोंधळली. म्हणाली, “आम्हाला इथे असं काही घेता येत नाही. सॉरी.” बाईंनी सगळं परत पिशवीत भरलं, नारळ आधी, वर खण. “बरं,” म्हणाल्या. उरलेला वेळ त्या शाळेच्या पोषण आहाराबद्दल बोलल्या.

त्या आठवड्यात गटात जोरदार वाद झाला. एक म्हणाली, थेरपिस्टने अगदी बरोबर केलं, भेटवस्तू घेतली की नात्याची चौकट ढासळते. लातूरची मुलगी उसळून म्हणाली, “ओटी ही भेटवस्तू नाही. ओटी नाकारणं म्हणजे बाईचा अपमान. ही आपली संस्कृती आहे.” तिसरा अमेरिकी मनोविश्लेषक अॅलन रोलंड यांच्याकडे वळला. त्यांनी भारतात आणि जपानमध्ये काम करून १९८८ च्या पुस्तकात मांडलं होतं की इथल्या माणसाचा ‘स्व’ कुटुंबाशी एकजीव असतो. पाश्चात्य मोजपट्टीने त्याला अपरिपक्व ठरवणं गैर आहे. म्हणून, त्याचं म्हणणं, ओटी घ्यायला हरकत नाही.

तिघांचीही बाजू मांडता येते. पण मला खटकलं ते हे की तिघांपैकी कुणीही विचारलं नाही : या बाईंनी, याच वेळी, दोन आठवडे दांडी मारून परतताना, ओटीच का आणली? चौकटीचा नियम सांगणारी आणि संस्कृतीचा मान सांगणारी, दोघी एकाच ठिकाणी विचार थांबवत होत्या. ‘ही आपली पद्धत आहे’ हे वाक्य बरोबर असूनही त्यानंतर माणूस दिसेनासा होऊ शकतो. पद्धत सगळ्यांची असते. तिचा वापर प्रत्येकाचा वेगळा असतो. परक्या संस्कृतीतला थेरपिस्ट अज्ञानामुळे अडखळतो. आपल्याच संस्कृतीतला थेरपिस्ट, मला हे आधीच माहीत आहे, या समजुतीने अडखळतो, आणि माझ्या मते हा दुसरा धोका मोठा आहे, कारण त्यात काही अडलंय हे जाणवतच नाही.

मग मी थेरपिस्टला विचारलं, खण पाहिल्यावर तुला काय झालं? तिने थोडं थांबून सांगितलं की तिला आईचं कपाट आठवलं. नवरात्रात त्यांच्या घरी गोलू मांडतात, येणाऱ्या बायकांना विड्याच्या पानांबरोबर ब्लाउजपीस देतात. आलेले पीस आई कपाटात ठेवते आणि पुढच्या वर्षी दुसऱ्यांना देते. “ते कुणी शिवत नाही. फिरत राहतात. मला वाटलं, हे तसलंच काहीतरी, फॉर्मॅलिटी.” आणि तिला किंचित चीड आली होती, हेही तिने सांगितलं. आईने तिच्याकडून करवून घेतलेल्या सगळ्या हळदीकुंकवांची चीड.

जॉर्ज देव्हरो हा मानववंशशास्त्र आणि मनोविश्लेषण दोन्हींत काम केलेला अभ्यासक. दुसऱ्या संस्कृतीतल्या माणसाकडे पाहताना निरीक्षकाच्या मनात जी खळबळ उठते ती बाजूला सारायची अडचण नाही, तोच अभ्यासाचा कच्चा माल आहे, हे त्याने १९६७ च्या पुस्तकात ठामपणे मांडलं. थेरपिस्टच्या चिडीने नेमकं तेच केलं. ‘कापड फिरत राहतं’ ही तिची आठवण तिच्या घरची होती, पण ती आम्हाला बाईंच्या घरापर्यंत घेऊन गेली, हे आम्हाला पुढच्या आठवड्यात कळायचं होतं.

गटात आम्ही ओटीचे काही अर्थ चाचपून पाहिले. ओटी सवाष्णीची भरतात. म्हणजे लग्नाबद्दलच्या त्या टाळलेल्या प्रश्नाचं उत्तर बाई काढू पाहत असतील. ओटी बहुधा थोरली भरते. म्हणजे जिच्यासमोर त्या दुबळ्या ठरल्या तिच्यापुढे त्या पुन्हा थोरल्या, देणाऱ्या होत होत्या. आणि घरातून निघणाऱ्या मुलीची ओटी भरतात. बाईंना थेरपिस्टची पाठवणी करायची होती का? शेवटी मी माझी शंका मांडली. आपल्याकडे लेकीबाळींचं तोंड साडीचोळीने बंद करतात. जमीन घ्यायची आणि भाऊबीजेला साडी द्यायची. बाईंना ज्या नाण्याने गप्प केलं गेलं, तेच नाणं त्या थेरपिस्टला देत असतील. खण घे, आणि भावाचं नाव पुन्हा काढू नकोस.

यातलं काहीही खरं असेल किंवा नसेल. थेरपिस्टने हे अर्थ बाईंना सांगायचे नाहीत, एवढं मी बजावलं. तिने फक्त नाकारलेल्या ओटीकडे परत जायचं.

पुढच्या सत्रात ती म्हणाली, “गेल्या वेळी तुम्ही ओटी भरायला सामान आणलं होतं आणि मी नाही म्हटलं. तुम्हाला कसं वाटलं असेल, याचा मी विचार करत होते.”

“काही नाही. नियम असतो.”

बराच वेळ शांतता. थेरपिस्टने ती भरून काढली नाही, आणि याचं श्रेय पूर्णपणे तिचं. मग बाई म्हणाल्या, “माझ्या हातचं परतच येतं.”

“परत येतं म्हणजे?”

भाऊबीजेला बाई गावी गेल्या होत्या. औक्षण झालं, भावाने ताटात पाकीट टाकलं, आणि भावजयीने साडी दिली. जांभळी, बारीक जरीकाठाची. बाईंनी घडी उलगडली आणि ओळखली. दोन वर्षांपूर्वी भावजयीच्या डोहाळजेवणाला त्यांनीच ती घेतली होती, लक्ष्मी रोडवरून, पहिल्या फरकाच्या पैशातून. काठाच्या आत दुकानदाराने पेनाने टाकलेला आकडासुद्धा तसाच होता. साडी नेसलीच गेली नव्हती.

“मग तुम्ही काय केलंत?”

“खांद्यावर टाकून दाखवली. म्हटलं, छान आहे गं.”

“आणि भाऊ?”

“तो बघत होता.” थोड्या वेळाने : “त्याला माहीत होतं. डोहाळजेवणाच्या खरेदीला तोच गाडी घेऊन आला होता माझ्याबरोबर.”

भाऊ चित्रात आला तो असा. थेरपिस्टने त्याला आणलं नाही.

माझ्या दृष्टीने प्रकरणाचा गाभा इथे आहे. ओटी परत करून थेरपिस्टने नकळत भाऊबीजेचाच प्रसंग पुन्हा घडवला होता : बाईंनी मायेने दिलेलं कापड त्यांच्याच पिशवीत परत आलं. आणि समजा तिने ओटी घेतली असती, आभार मानले असते आणि त्याबद्दल चकार शब्द काढला नसता, तर मे महिन्यातला प्रसंग घडला असता : देवघेव झाली, सगळे हसले, आणि बोलायचं ते कायमचं राहून गेलं. म्हणून ‘घ्यावी की नाकारावी’ या वादात अडकलेल्या गटाला मी हेच सांगत राहिलो की दोन्ही वाटांवर काहीतरी पुन्हा घडणारच होतं. ते घडू न देणं थेरपिस्टच्या हातात नसतं. घडलेल्याकडे परत जाऊन ते बोलण्यात आणणं असतं. ओटीचा रिवाज ज्याला ठाऊक नाही त्याला हे दिसलं नसतं. आणि ज्याला फक्त रिवाज ठाऊक आहे त्यालाही नाही.

दरम्यान आणखी एक गोष्ट ध्यानात आली, जी मला वाटतं प्रशिक्षणात नेहमी शोधायला हवी. थेरपिस्ट हे प्रकरण सांगू लागली की तिचा आवाज खाली जायचा. आम्ही सगळे खुर्च्या पुढे ओढून बसायचो. शेवटी एकाने विचारलं, तू बाईंशीपण असंच बोलतेस का? हो, ती म्हणाली, आणि सत्रानंतर माझा घसा दुखतो. कुजबुजणाऱ्या माणसाशी आपण आपसूक कुजबुजतो हे खरंच. पण यात त्याहून जास्त होतं : बाईंच्या घरात राग जसा कुणी मोठ्याने बोलत नव्हतं, तसंच थेरपीच्या खोलीतही, आणि तसंच आमच्या गटातही. अमेरिकी मनोविश्लेषक हॅरल्ड सर्ल्स यांनी १९५५ मध्ये या प्रकाराकडे लक्ष वेधलं होतं. रुग्ण आणि थेरपिस्टमध्ये चाललेलं सुपरव्हिजनमध्ये उमटतं. थेरपिस्ट पुढच्या सत्रापासून जाणीवपूर्वक नेहमीच्या आवाजात बोलू लागली. त्याने बाईंचा आवाज आला असं नाही. पण खोलीत कुणीतरी एक जण सामान्य आवाजात बोलू शकतो, हे त्यांना दिसलं.

गटात एकदा असाही सूर निघाला की हे सगळं शास्त्रच परकं, व्हिएन्नाहून आलेलं, आपण कशाला त्यात बायकांच्या ओट्या कोंबतोय. हा सूर मला महत्त्वाचा वाटतो आणि मी तो दाबत नाही. पण मग मी त्यांना गिरींद्रशेखर बोस यांच्याबद्दल सांगतो. १९२२ मध्ये कलकत्त्यात त्यांनी इंडियन सायकोअॅनालिटिकल सोसायटी स्थापन केली. फ्रॉइडशी त्यांची प्रत्यक्ष भेट कधी झाली नाही, त्यांना विश्लेषक म्हणून कुणी घडवलंही नाही. पत्रव्यवहार मात्र १९२० च्या दशकाच्या सुरुवातीपासून सुरू झाला तो पुढे बरीच वर्षं चालला. त्यात १९२९ साली बोस यांनी आपल्या भारतीय रुग्णांच्या आधारे फ्रॉइडच्या एका कळीच्या सिद्धांतावर मतभेद लिहून पाठवला. फ्रॉइडने तो मान्य केला नाही. बोसही हटले नाहीत, आणि त्यांनी सोसायटी चालवली, माणसं शिकवली. म्हणजे ‘उधार शास्त्र’ घेतानाच त्याच्याशी भांडायची परंपराही इथे शंभर वर्षांची आहे. भारतीय मनोविश्लेषक सुधीर कक्कर यांचं उदाहरण दुसऱ्या बाजूचं. ते फ्रँकफर्टमध्ये घडले, त्यांचं स्वतःचं विश्लेषण जर्मनमध्ये झालं, आणि आपल्यातलं जे भारतीय ते त्या खोलीत फारसं आलंच नाही याबद्दल त्यांनी मोकळेपणाने लिहिलं आहे. भारतात परतल्यावर त्यांना इथले रुग्ण त्या शिकवणीबाहेरचं काही मागताना दिसले : दिशा, सल्ला, आपुलकी. उत्तर आयुष्य त्यांनी गोव्यात बाणावलीत काढलं. कक्कर वाचताना प्रशिक्षणार्थींना पहिल्यांदा वाटतं की गोंधळ आपल्या एकट्याचा नाही.

पुढच्या काही आठवड्यांत थेरपिस्टने विचारलं, बाईंना २०२० च्या निकालाबद्दल सांगू का? हक्कसोडपत्राला आव्हान देता येईल का, यासाठी वकिलाचं नाव देऊ का? गट एकमुखाने हो म्हणाला. मलाही आतून हो म्हणायचं होतं. मी विचारलं ते इतकंच : बाई वर्तमानपत्र वाचतात, त्यांना निकाल माहीत नसेल का? माहीत असूनही त्यांनी सही केली असेल, तर आपण सांगितल्याने त्यांना काय ऐकू येईल? कदाचित हेच, की इथेही माझी बोलणी दुसरेच कुणी ठरवताहेत, वकिलाच्या बोटासारखी. माहिती द्यायला मनाई नाही. पण त्यांनी मागितली तर, आणि त्यांच्या हातात निर्णय राहील अशा तऱ्हेने. थेरपिस्ट नाराज झाली. तिच्या नाराजीत मला गैर काही दिसलं नाही. अन्याय पाहून अस्वस्थ न होणारा माणूस या कामात नको.

बाईंचा आवाज एकाएकी परतला नाही. स्पीच थेरपिस्ट खोकल्यापासून, मग ‘हं’ अशा हुंकारापासून सूर काढून घेत होत्या, आणि त्या कामाशिवाय हे शक्य झालं नसतं. मार्चमध्ये एका सत्रात बाई शाळेतल्या एका पोराची खोडी सांगता सांगता मोठ्याने हसल्या, पूर्ण आवाजात, आणि दचकल्या. पुढे काही वाक्यं सुरात, काही कुजबुजत. जूनमध्ये शाळा उघडली तेव्हा वर्ग घेण्याइतका आवाज होता, संध्याकाळी थकणारा. भावजयीबद्दलचं बोलणं हळूहळू कमी झालं, आणि भावाबद्दलचं वाढलं. त्यात रागाबरोबर, त्याहून जास्त, त्याच्या बाळपणाची माया होती. “मी त्याला वाढवला आणि तो बघत राहिला,” हे वाक्य त्यांनी वेगवेगळ्या सत्रांत पुन्हा पुन्हा म्हटलं. जमिनीबद्दल त्यांनी अजून काही केलेलं नाही. जांभळी साडी कपाटात आहे. थेरपिस्टला त्या आता अधूनमधून “अगं” म्हणतात, आणि तिने शेवटी एकदा, विचारल्यावर, आपलं लग्न झाल्याचं साधेपणाने सांगून टाकलं.

काम चालू आहे. गटात लातूरची प्रशिक्षणार्थी अजूनही म्हणते की त्या दिवशी ओटी घ्यायला हवी होती, घेऊन मग बोलता आलं असतं. तिच्या म्हणण्यात तथ्य आहे असं मला अलीकडे जास्त वाटू लागलंय. आधी हात पुढे करून, मग पुढच्या सत्रात त्याबद्दल विचारणं या बाईंच्या बाबतीत कमी दुखावणारं ठरलं असतं. मात्र मी तिला तिच्या स्वतःच्या एका क्लायंटचं टिपण आणायला सांगितलं आहे. तो तरुण दर सत्रानंतर तिच्या पाया पडतो, आणि तिने त्याबद्दल आतापर्यंत गटात एकदाही काही लिहिलेलं नाही.